कोपराएवढं अंतर

दहा ठोसे खाल्लेले परवडले, पण एक कोपर नको, अशा अर्थाची म्हण चिनी युद्धकलांच्या आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पहिल्यांदा ऐकताना ती बढाई वाटते. पण आपल्याच हाताकडे नीट पाहिलं की तिच्यातलं गणित उलगडतं. ठोसा मारताना पायातून निघालेला जोर कमरेतून खांद्यात येतो, खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात, आणि मग कुठे मुठीपर्यंत पोचतो. मनगट जरासं कलंडलं की तो तिथेच विरतो. शिवाय तळहाताचं हाड मोडण्याची भीती असते ती वेगळीच. करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड मुठीने मारणाऱ्यांचं फार वेळा मोडतं. कोपराने मारताना वाटेतले दोन सांधे गळून पडतात. धड, खांदा, दंडाचं जाड हाड आणि शेवटी तो टणक उंचवटा, ज्याच्यावर मांस जवळपास नाहीच. अडकलेलं दार उघडताना आपण बोटांनी ढकलत बसत नाही, अख्खं अंग त्यावर टाकतो. कोपराचा मार त्या जातीचा आहे. लागतो कोपर, पण मारतं धड.

याची किंमतही तशीच रोख मोजावी लागते. कोपरापासून पुढचा हात वापरायचा नाही असं ठरलं, की पल्ला जवळजवळ एक हाताने कमी होतो. म्हणजे समोरच्याचा ठोसा तुम्हाला लागू शकतो, लाथ तर नक्कीच लागू शकते, आणि तुमचा कोपर अजून त्याच्यापर्यंत पोचतही नाही. हे मधलं अंतर कसं ओलांडायचं, हाच कोपराच्या सगळ्या डावांमागचा खरा प्रश्न आहे. कोपर वळवून मारायला दोन संध्याकाळी पुरतात. तो मारता येईल इतकं जवळ जाऊन तिथे उभं राहायला वर्षं लागतात. या लेखात मला सांगायचं आहे ते त्या वर्षांबद्दलच.

मी हे शिकते आहे सिंगापूरला. इथल्या सरकारी वसाहतींमध्ये इमारतीचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, नुसते खांब आणि फरशी. तिथे बुद्धिबळाचे डाव रंगतात, लग्नं लागतात, मयताची माणसं बसतात, आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी आमचा वर्गही भरतो. शिकवणारे शिफू तैवानचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांची कला बाजीछ्वान. मी उंचीने लहान आहे. त्याआधी जे जे काही शिकायला गेले तिथे लांब हातापायांच्या माणसांनी मला दूरवरच थोपवून धरलं, आणि मला सल्ला मिळाला तो चपळ होण्याचा, मागे सरकण्याचा, वळसा घालण्याचा. बाजीछ्वानमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, आत ये. मला ही कला इतकी आपली का वाटते याचं अर्धं कारण त्या दोन शब्दांत आहे.

बाजीछ्वानचं गाव म्हणजे उत्तर चीनमधल्या हपेई प्रांतातलं मंगत्सुन, त्सांगझौजवळचं. आज तो हुई मुसलमानांचा स्वायत्त तालुका आहे. कलेची परंपरा अठराव्या शतकातल्या वू झोंग यांच्यापासून सांगतात, आणि मंगत्सुनमधलं वू घराणं आजही ती शिकवतं. त्सांगझौचा हा सगळा पट्टा खारवट जमिनीचा, पीकपाणी बेताचं. जुन्या काळी गुन्हेगारांना आणि सरकारच्या मर्जीतून उतरलेल्यांना तडीपार करून इकडे धाडत. दक्षिणेतून राजधानीकडे माल नेणारा मोठा कालवा याच भागातून जातो. गरिबी, परागंदा माणसं आणि रस्त्याने जाणारा किमती माल एका जागी आले की तिथे लढणारे तयार होणारच. काही लुटणारे, काही राखणदार. मालाबरोबर पहारा देत जाणाऱ्या टोळ्या वाटेवर आपल्या पेढीच्या नावाचा मोठ्याने पुकारा करत, म्हणजे चोरांनी बाजूला व्हावं. त्सांगझौतून जाताना मात्र तो पुकारा करायचा नाही, असा रिवाज होता. एवढ्या जाणकारांच्या गावात आपल्या ताकदीची दवंडी पिटणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. एखाद्या गावाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

या मातीतली कला जवळून भिडणारी असावी यात मला नवल वाटत नाही. बाजीछ्वानमध्ये उडत्या लाथा जवळपास नाहीत, नजर खिळवून ठेवणाऱ्या गिरक्या नाहीत. आहे ते पाय आपटून पुढे घुसणं, आणि घुसताना डोकं, खांदा, कोपर, हात, कंबर, गुडघा, जे जवळ पडेल त्याने मारणं. या यादीत कोपराचा मान मोठा. आपल्या तालमीत नव्या पट्ठ्याला वस्ताद आधी जोर-बैठका घालायला लावतात, तसा इथे नव्या माणसाला एका जागी उभा करतात, आणि ज्या पवित्र्यात उभा करतात तो पवित्राच मुळी कोपर मारलेल्या क्षणाचा आहे. त्याला लियांग यी म्हणतात. पाय घोड्यावर बसल्यासारखे फाकलेले, वजन किंचित मागच्या पायाकडे, पुढचा हात कोपरात दुमडून कोपर बाहेर रोखलेला, मागचा हात विरुद्ध दिशेला ताणलेला. म्हणजे शेवटचा क्षण आधी शिकायचा. तिथे पोचलात की शरीर कसं असलं पाहिजे ते मांड्यांत भिनवायचं, आणि तिथे पोचण्याची वाट नंतर शोधायची.

पहिले काही महिने मी फक्त हेच केलं. शिफू येत, माझ्या रोखलेल्या कोपरावर तळवा ठेवत आणि हळूहळू भार टाकत. तो भार खांद्यात अडकला की खांदा वर चढे आणि ते मान हलवून पुढच्या माणसाकडे जात. काही आठवड्यांनी कधीतरी भार खांद्यातून पाठीत, पाठीतून मागच्या टाचेत उतरायला लागला. तेव्हा मला कळलं की कोपर रोखून धरणारा माझा हात नव्हताच, ती टाच होती. शिफूंनी तळवा थोडा जास्त वेळ ठेवला आणि म्हणाले, आता उद्यापासून पाऊल.

ते पाऊल डिंग-झौ या डावाशी जोडलेलं आहे. डिंग-झौ म्हणजे कोपर पुढे खुपसणं, लक्ष्य बहुधा छातीचा मधला भाग किंवा बरगड्या. मागचा पाय जमीन ढकलतो, पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये किंवा त्याच्या पावलामागे जाऊन पडतो, आणि पाऊल रुजण्याचा व कोपर भिडण्याचा क्षण एकच असावा लागतो. शिफूंच्या परंपरेत जोराचे तीन प्रकार सांगतात. पहिला खाली बसण्याचा: शरीराचं वजन एकदम जमिनीत सोडायचं. दुसरा आडव्या-उभ्या रेघेचा: पुढचा कोपर पुढे जाताना मागचा हात तितक्याच जोराने मागे, म्हणजे छाती दोन्हीकडे उघडते आणि मणका मध्ये खांबासारखा राहतो. तिसरा पिळाचा: घोट्यापासून मनगटापर्यंत अंगाला दिलेला पीळ सुटतो. पुस्तकात हे तीन वेगळे लिहिता येतात, पण अंगात ते एकाच श्वासात उमटले तरच डाव झाला. पाय आपटण्याचा जो आवाज बाजीछ्वानच्या प्रात्यक्षिकांत लोकांना इतका आवडतो, तो वजन खाली सोडल्याचं उपफळ आहे. आवाजासाठी पाय आपटणारे पुष्कळ दिसतात, आणि त्यांचे गुडघे लवकर जातात.

थायलंडच्या मुए थाईमुळे आज जगाला कोपर ओळखीचा झाला आहे, पण तो कोपर वेगळ्या स्वभावाचा. तो बहुतेकदा वळणावर येतो आणि भुवईवरची पातळ कातडी फाडतो; रक्त डोळ्यात उतरतं आणि लढत थांबवावी लागते. बाजीछ्वानचा कोपर सरळ रेघेत येतो आणि कापण्यापेक्षा उखडतो. तो नीट लागला तर समोरचा मागे फेकला जातो, कारण त्याच्या पायांमधली जागा तुमच्या पायाने आधीच घेतलेली असते. चिनी कलांतही वळणाचे कोपर भरपूर आहेत: आडवा फिरणारा, खालून हनुवटीकडे उचललेला, वरून खाली आदळणारा, पाठीमागच्याला मारलेला. शानतुंगमधल्या मांटिस परंपरेत तर आठ कोपरांचा एक स्वतंत्र आणि महत्त्वाचा क्रम आहे. माझं मन मात्र त्या सरळ रेघेवर जडलं आहे.

बाजीछ्वानचं नाव दूरवर नेलं ते त्सांगझौच्याच ली शूवेन यांनी (१८६४–१९३४). भाल्यातल्या हातखंड्यामुळे त्यांना 'दैवी भाला' म्हणत. त्यांना दुसरा वार कधी करावा लागत नसे, असं सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांच्या शिष्यांची कामं नोंदलेली आहेत. हुओ द्यानगे हे शेवटचा चिनी सम्राट पू यी याच्याकडे शिक्षक होते आणि त्याच्या अंगरक्षकांना त्यांनी बाजीछ्वान शिकवलं. ली यांचे अखेरच्या काळातले शिष्य ल्यू युनछ्याव (१९०९–१९९२) तैवानला गेले आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांना तयार केलं. एकाच गुरूकडून निघालेल्या दोन वाटा, दोन परस्परविरोधी राजवटी, आणि दोन्हीकडे काम एकच.

अंगरक्षकांनी हीच कला का उचलली असावी, याचा मी बराच विचार केला आहे. अंगरक्षक उभा असतो गर्दीत. त्याच्यापुढे मोकळं मैदान नसतं, मागे सरकायची मुभा नसते, कारण मागे तो माणूस आहे ज्याला वाचवायचं. हात लांबवायला जागा नाही आणि वळसा घालायला वेळ नाही. उरतं ते स्वतःचं अंग मध्ये घालणं. पुढे जात, स्वतःला झाकत, कोपराने आणि खांद्याने वाट मोकळी करणं. दूर राहून जिंकणाऱ्या कलेचा तिथे काही उपयोग नाही. कोपर ही राखणदाराची चीज आहे असं मला वाटतं, आणि त्सांगझौच्या मालवाहू वाटांपासून राजवाड्यापर्यंतचा तिचा प्रवास मला अगदी सरळ दिसतो.

कोपराचा लेखी पुरावा याहून जुना आहे. मिंग काळातले सेनापती छी जिग्वांग (१५२८–१५८८) झजियांगच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढत होते. शेतकरी आणि खाणकामगारांतून त्यांनी फौज उभी केली आणि तिच्या शिक्षणासाठी १५६०च्या सुमारास ग्रंथ लिहिला. त्यात निःशस्त्र लढाईचं एक प्रकरण आहे, चित्रांसकट बत्तीस पवित्र्यांचं. छी यांनी सुरुवातीलाच बजावलं आहे की मोठ्या युद्धात या रिकाम्या हातांचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे व्हायला आणि अंगाला कष्टाची सवय लागायला नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. त्या बत्तिसांत तीन पवित्रे नावानेच कोपराचे आहेत. त्यातल्या दोघांची जोडी आहे: एकात ज्या बाजूचा पाय पुढे त्याच बाजूचा कोपर, दुसऱ्यात पाय एका बाजूचा आणि कोपर दुसऱ्या. आणि ही दोन्ही नावं आजही हनान प्रांतातल्या चेन्जियागोउ गावच्या ताय चीच्या दुसऱ्या, वेगवान क्रमात जशीच्या तशी आहेत. इतिहासकार तांग हाव यांनी १९३०च्या दशकात त्या गावात जाऊन हे साम्य अभ्यासलं. चारशे-साडेचारशे वर्षं एक कोपर हातोहात चालत आला आहे, हा विचार मनात आला की मी तो क्रम बघताना बोलणं थांबवते.

होय, ताय चीतसुद्धा कोपर आहे. बागेत पहाटे संथपणे हात फिरवणाऱ्या आजी-आजोबांना पाहून तसं वाटत नाही. पण ताय चीची बैठक ज्या आठ जोरांवर आहे त्यातला सातवा कोपराचा आणि आठवा खांद्याचा. पहिले चार मुख्य दिशांचे: झेलणं, ओढून घेणं, दाबणं, ढकलणं. उरलेले चार तिरक्या दिशांचे: खेचून खाली आणणं, पीळ देऊन फाडणं, कोपर, खांदा. जुन्या शिक्षकांची मांडणी अशी की आधीच्या चारांनी अंतर राखता येतं तोवर ते राखावं. ते वर्तुळ मोडलं, समोरचा आत आला, की मागचे चार जागे होतात. दोघांनी मिळून करायच्या एका सरावात तिरकी पावलं टाकत नेमके हे चारच जोर घासले जातात. ताय चीत समोरचा आत येतो म्हणून कोपर निघतो. बाजीछ्वानमध्ये आपणच आत जातो. अंतर दोन्हीकडे तेवढंच.

दक्षिण चीनमधल्या विंग चुन या कलेने याच कोपराला आणखी निराळी वागणूक दिली. तिथे पहिल्या दिवसापासून कोपर शरीराच्या मध्यरेषेकडे आणून ठेवायला शिकवतात, आणि ठोसा सरळ जातो की नाही हे मूठ ठरवत नाही, कोपर ठरवतो. म्हणजे तो सतत कामावर असतो, फक्त मारत नाही. कोपराचे खरे प्रहार येतात ते तिसऱ्या आणि शेवटच्या हातांच्या क्रमात, ज्याला ब्यू जी म्हणतात, आणि तो क्रम दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही असा जुना दंडक होता. १९५० साली विंग चुनचे गुरू इप मान हाँगकाँगला हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवू लागले, तिथून ही कला जगभर गेली, आणि आता ब्यू जी कुणालाही पडद्यावर बघता येतो. तरी चांगले शिक्षक तो शेवटीच शिकवतात. बाजीछ्वानने कोपर पहिल्या दिवशी दिला आणि विंग चुनने शेवटी, आणि मला दोन्ही क्रम बरोबर वाटतात. एका ठिकाणी तो उभं राहण्याची रीत आहे, दुसऱ्या ठिकाणी सगळं फसल्यावरची सुटका.

विसाव्या शतकात या कलांना राष्ट्रीय रूप आलं. १९२८ साली नानचिंगला केंद्रीय संस्था स्थापन झाली; १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी चिनी पथकाने आपल्या कला तिथे दाखवल्या. (त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही आपले देशी खेळ दाखवत होतं. ती दोन पथकं एकमेकांना भेटली असतील का, हा प्रश्न मला अधूनमधून सतावतो.) पुढे १९७९पासून चीनमध्ये सांदा नावाचा स्पर्धात्मक प्रकार घडवला गेला. त्यात ठोसे, लाथा आणि पाडणं यांना मुभा आहे. नेहमीच्या स्पर्धांत कोपर आणि गुडघा वर्ज्य. पश्चिमेतल्या मिश्र युद्धकलांच्या (एमएमए) लढतींच्या नियमांत इतर कोपर चालत, पण वरून सरळ खाली आणलेल्या कोपरावर बंदी होती. तीही २०२४च्या नोव्हेंबरात उठली. सांदाने मात्र दार बंदच ठेवलं आहे.

यावर अनेक जुने अभ्यासक नाराज असतात. कोपर काढून घेतला म्हणजे सांदाला हातमोजे घातलेलं मुष्टियुद्ध करून टाकलं, असं ते म्हणतात. मला ही बंदी योग्य वाटते. ठोशाची मात्रा ठरवता येते. सराव करताना तो निम्म्या जोराने, चतुर्थांश जोराने मारता येतो आणि तरी तो ठोसाच राहतो. कोपराला अशी मात्रा नाही. त्यात अंग आलं नाही तर तो डाव झालाच नाही, आणि अंग आलं तर समोरच्याची बरगडी वाचवणं तुमच्या हातात राहत नाही. विशीतल्या मुलांना दर महिन्याला एकमेकांवर हे करायला लावण्यात कुठलीही परंपरा जपली जात नाही.

मग जो डाव कुणावरही पुरता मारायचा नाही, तो जिवंत कसा ठेवायचा? याचं उत्तर बाजीछ्वानने फार पूर्वी शोधून ठेवलं आहे, आणि मला त्याचं मोल रोज नव्याने कळतं. एकट्याने करायचे क्रम आहेत, खांबावर अंग घासण्या-आदळण्याचा सराव आहे, आणि दोघांनी जोडीने करायचा लांबलचक क्रम आहे, ज्यात एकाचा प्रत्येक हल्ला दुसऱ्याच्या बचावात बसतो. जोडीदार माझा कोपर तळव्यावर घेतो. तळवा त्याच्या छातीपासून वीतभर पुढे असतो. मी पूर्ण अंगाने जाते, तो पूर्ण अंगाने झेलतो आणि मागे सरकतो. सुरुवातीला या वीतभर जागेवर माझा विश्वास बसत नसे. आता मला जोडीदाराच्या तळव्यावरून कळतं की त्याचा दिवस कसा गेला, त्याचं लक्ष आहे की नाही, आणि नसेल तर मी पाऊलच टाकत नाही.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे बायकांसाठी भरणारी स्वसंरक्षणाची शिबिरं. इथेही होतात, पुण्या-मुंबईतही होतात. तासाभराच्या अशा शिबिरात हमखास सांगतात: तुमचा कोपर हे तुमचं सगळ्यात बळकट हत्यार आहे, तो वापरा. मग हवेत दहा वेळा कोपर फिरवून घेतात आणि टाळ्या वाजतात. सल्ला खरा आहे. हत्यारही बरोबर निवडलं आहे. पण ज्या मुलीला कधी कुणी धक्का दिलेला नाही, जिला पाय रोवून कुणाचा भार झेलायची सवय नाही, तिला कोपराचं टोक दाखवून घरी पाठवणं म्हणजे तिच्या कोपराला गूळ लावून ठेवणं आहे. टोक दिसतं, पण तिला पोचता येत नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण जी गोष्ट खरंच तिच्या उपयोगाची आहे तीच अर्धवट हातात दिली जाते.

शिफूंच्या परवानगीने मी आता शनिवारी सकाळी काही मराठी आणि तमिळ मैत्रिणींना घेऊन त्याच तळमजल्यावर उभी राहते. आम्ही कोपराने सुरुवात करत नाही. आधी एकमेकींच्या खांद्यावर तळवे ठेवून ढकलायचं, आणि ढकललेलं टाचेत उतरवायचं. मग एक हात चेहऱ्यासमोर वर ठेवून दुसरीच्या फिरत्या हातांच्या आत पाऊल टाकायचं, फक्त पाऊल, डोळे उघडे ठेवून. हे पहिल्या वेळी जवळपास सगळ्यांना नकोसं वाटतं. अंग आपोआप मागे झुकतं, कारण लहानपणापासून आपल्याला मागे सरकायलाच शिकवलेलं आहे. ते झुकणं जायला काही शनिवार लागतात. ते गेलं की मग मी कोपराचा विषय काढते, आणि तोवर बहुतेकींचा कोपर आधीच योग्य जागी आलेला असतो. फक्त पुढचा पाय त्याच क्षणी टेकवायचा, एवढंच सांगावं लागतं.